स्ट्रिंग्ज मागे पडतात, कडकड येते, सॅम्पल हरवतात: रॅम घेण्याआधी हे बघा

"दादा, रॅम वाढवलंय, तरी तसाच वाजता."

देवगडहून हा फोन आला तेव्हा मी पडवीत बसून दुसऱ्याच कुणाची तीच तक्रार ऐकत होतो. गणपती महिन्यावर आले की हे सुरू होतं. सगळ्यांना गजराखाली, आरतीखाली नाहीतर दशावताराच्या यूट्यूब व्हिडिओखाली 'मोठा' ऑर्केस्ट्रा हवा असतो. सॅम्पल लायब्ररी, म्हणजे खऱ्या वाद्यांचे सूर रेकॉर्ड करून ठेवलेला संग्रह, येते, आठवडाभर मजा वाटते आणि मग रडगाणं. या पोराचंही तसंच. पखवाज, पायपेटी, झांज घरीच रेकॉर्ड केलेली, खाली व्हायोलिन-चेलोचा गालिचा. तक्रारी तीन: स्ट्रिंग्ज ठेक्याच्या मागे पडतात, सगळं एकदम वाजलं की कडकड येते, आणि चार दिवसांनी प्रोजेक्ट उघडला की सॅम्पल सापडत नाहीत म्हणतो. दुकानदार म्हणाला रॅम कमी आहे. आठची सोळा जीबी केली. फरक शून्य.

पावसाळ्यात ताप आला म्हणून मलेरियाला आणि लेप्टोला एकच गोळी देत नाहीत. या तीन तक्रारींचंही तेच आहे. तिघींची कारणं वेगळी, आणि रॅम त्यातल्या फक्त एकीत येते, तीही कधीकधी. मी वेंगुर्ल्यात घरीच काम करतो, यातली प्रत्येक चूक स्वतः करून झालेली आहे, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो. पुढच्या फोनला लिंक पाठवता येईल.

मागे पडणं

आधी एक साधा प्रश्न. कीबोर्डवर बोट दाबल्यावर उशीर लागतो, की रेकॉर्ड झालेला मिडी (कुठली की कधी दाबली याची नोंद) परत वाजवला तरी उशीरच?

फक्त वाजवताना लागत असेल तर तो बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा. इथे सॅम्पल म्हणजे रेकॉर्ड केलेला सूर नव्हे, आवाजाचा एक बारीक ठिपका. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण २३ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे ३ च्या आत. रेकॉर्ड करताना १२८ किंवा २५६, मिक्सिंगला बसल्यावर १०२४. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसच्या (माइक आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडायच्या डबीच्या) कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर घाला. इंटरफेस नसेल तर एएसआयओ-फोर-ऑल वर भागतं. आणि कानाला ब्लूटूथ हेडफोन लावून उशिराचं कारण शोधू नका. गेल्या वर्षी अशा दोघांच्या लॅपटॉपची मी तासभर तपासणी केली. ब्लूटूथ एकटंच शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज खातं.

परत वाजवतानाही मागे पडत असेल तर कॉम्प्युटर निर्दोष आहे. उशीर सॅम्पलमध्येच आहे, आणि मुद्दाम ठेवलेला आहे. पखवाजावर थाप पडते तो क्षण म्हणजेच आवाज. व्हायोलिनचं तसं नाही. गज तारेला लागतो, खरखर होते, मग सूर भरतो. लेगाटोत, म्हणजे सूर न तोडता जोडून वाजवताना, तर एका सुरावरून दुसऱ्यावर जाण्याचा प्रवासही रेकॉर्ड केलेला असतो. तो कापला तर व्हायोलिन राहत नाही, स्वस्तातला कीबोर्ड होतो. म्हणून चांगल्या लायब्ररीवाले तो ठेवतात आणि बहुतेकदा मॅन्युअलमध्ये आकडेही देतात. सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्जचं उदाहरण घ्या. तिच्या लेगाटोचे तीन वेग आहेत आणि त्यांचा उशीर साधारण ३३०, २५० आणि १०० मिलिसेकंद. आता १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. म्हणजे मधल्या वेगाचा सूर अर्धी मात्रा उशिरा येतो. ठेका कितीही पक्का असो, चेलो झोपेतून उठून आल्यासारखाच वाटणार.

उपाय: तो ट्रॅक तेवढाच अलीकडे ओढायचा. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय असते: रीपरमध्ये ट्रॅकच्या रूटिंगच्या खिडकीत प्लेबॅक ऑफसेट असतो, क्यूबेसमध्ये ट्रॅक डिले. तिथे उणे आकडा टाकायचा. नोटा हाताने सरकवू नका, पुढे कधी क्वांटाइझ केलंत (नोटा आपोआप मात्रेवर बसवल्यात) तर सगळं परत मूळ पदावर.

आकडा मॅन्युअलमध्ये नसेल तर मोजा. दहा मिनिटांचं काम आहे. एका ट्रॅकवर क्लिक, दुसऱ्यावर तुमचा पॅच, म्हणजे लायब्ररीतलं वाजवायचं वाद्य. प्रत्येक मात्रेवर एक, अशा आठ नोटा, एकमेकींना जराशा चिकटलेल्या, ग्रिडवर अचूक. ऑडिओत बाउन्स करा, म्हणजे त्याची ऑडिओ फाइल काढा, आणि वेव्हफॉर्म मोठा करून बघा. ग्रिडच्या रेघेपासून सूर स्थिरावतो तिथपर्यंतचं अंतर मोजायचं. पहिली फुसफुस दिसते तिथपर्यंतचं नाही, ती गजाची आहे. पहिली नोट सोडून द्या. तिच्या मागे सूर नसल्यामुळे लेगाटोचा प्रवास नसतो, ती लवकर येते. दुसरीपासून आठवीपर्यंत बघा. देवगडच्या पोराकडे पहिली नोट ४० च्या आसपास आणि बाकीच्या २२० च्या पुढे निघाल्या. तो पहिलीच नोट ऐकून "ही बरोबर आहे की!" म्हणायचा आणि पुढच्या ओळीत वैतागायचा.

यावरूनच कळेल की लांब सूर आणि स्टॅकाटो (तुटक सूर) एकाच ट्रॅकवर कीस्विचने, म्हणजे एक की दाबून वाजवण्याची तऱ्हा बदलत, चालवायची हौस महागात का पडते. दोघांचा उशीर वेगळा, ऑफसेट एकच. माझ्याकडे चेलोचे दोन ट्रॅक असतात, एक लांबचा, एक तुटकचा. टेम्प्लेट लांबलचक दिसतं, पण डोकं शांत राहतं.

कडकड

इथे थोडं गणित.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असा एक आवाज डिस्कवरून येताना सेकंदाला २८८ केबी मागतो, कॉम्प्रेस न केलेला धरला तर. आता स्ट्रिंग्जचे पाच गट: पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास. प्रत्येकाची एकच नोट. पण मॉड व्हील (कीबोर्डवरचं जोर कमी-जास्त करायचं चाक) हलतंय, म्हणजे हळू आणि जोरकस असे दोन थर एकाच वेळी एकात एक मिसळत असतात. झाले दहा. तुम्ही लायब्ररीच्या रेकॉर्डिंगमधले जवळचा, मधला आणि लांबचा असे तिन्ही माइक चालू ठेवलेत. झाले तीस. लेगाटोत जुना सूर विझायच्या आत नवा सुरू होतो, म्हणजे त्या क्षणी साठ. साठ गुणिले २८८ केबी, सेकंदाला जेमतेम १७ एमबी.

एवढं तर कुठलीही हार्ड डिस्क देते, असं तुम्ही म्हणाल. सलग वाचायचं असेल तर देतेच. पण हे साठ तुकडे साठ ठिकाणी पडलेले आहेत. फिरत्या चकतीच्या डिस्कला एका ठिकाणाहून दुसरीकडे सुई न्यायला दहा-बारा मिलिसेकंद लागतात. साठ ठिकाणी एकेक फेरी मारेपर्यंत अर्धा सेकंद उलटून जातो. कोळीण एका टोपलीतून मासे पटापट देईल, पण साठ होड्यांतून एकेक बांगडा आणायला सांगितलात तर गिऱ्हाईक ताटकळणारच. ते ताटकळणं म्हणजे कडकड.

एसएसडीला सुईच नाही. म्हणून सॅम्पल एसएसडीवर, यात तडजोड नको. साधी साटा एसएसडीही पुरते, सगळ्यात महागडी लागत नाही. बाहेरून जोडत असाल तर यूएसबी ३ च्या पोर्टला जोडा. यूएसबी २ वर सेकंदाला ३५-४० एमबीच्या पुढे फारसं काही मिळत नाही.

रॅमचा संबंध कुठे येतो? काँटॅक्टसारखे सॅम्पलर, म्हणजे लायब्ररी वाजवणारी सॉफ्टवेअर, प्रत्येक सॅम्पलचा फक्त सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये ठेवतात. तो वाजत असताना उरलेला डिस्कवरून ओढतात. या तुकड्याची लांबी सेटिंग्जमध्ये मेमरीच्या पानावर बदलता येते. डिस्क मंद असेल तर तुकडा मोठा लागतो, रॅम जास्त जाते. एसएसडी असेल तर तो बराच कमी करता येतो आणि रॅम मोकळी होते. म्हणजे आधी एसएसडी घेतली की रॅमचीही थोडी सोय होते, आणि देवगडच्या पोराला दुकानदाराने नेमकं उलट्या क्रमाने सांगितलं. टास्क मॅनेजर उघडून बघा. प्रोजेक्ट पूर्ण लोड झाल्यावर रॅम नव्वद टक्क्यांच्या वर जात असेल तरच नवी पट्टी आणा.

काँटॅक्टच्या वरच्या पट्टीत सीपीयू आणि डिस्क असे दोन मीटर असतात. कडकड होते त्या क्षणी कोणता उसळतो ते बघा. डिस्कचा उसळला तर एसएसडी, नाहीतर माइक कमी करणं. सीपीयूचा उसळला तर बफर वाढवा आणि रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) प्रत्येक ट्रॅकवर न टाकता एकाच सेंडवर, म्हणजे सगळ्या ट्रॅकना सामाईक अशा एका ठिकाणी, टाका. माइक तर आधीच कमी करा. तीनाचा एक केलात की वरच्या गणितातले साठ तिथल्या तिथे वीस होतात, पैसा न खर्चता. चाल बसवताना एकच मिक्स माइक चालू ठेवायचा, शेवटच्या मिक्सला हवे तर बाकीचे. आणि ज्या ओळी पक्क्या झाल्या त्या फ्रीझ करा, म्हणजे त्यांचा तात्पुरता ऑडिओ करून ठेवा. फ्रीझ करणं म्हणजे हार मानणं, असं काहींना का वाटतं ते मला कळलेलं नाही.

काँटॅक्टमध्ये पर्जची सोयही आहे: न वाजलेली सॅम्पल रॅममधून काढून टाकते. गाणं पूर्ण झाल्यावर चालवा. चाल अजून बदलत असताना चालवलीत तर नवी नोट पहिल्यांदा अडखळते.

सॅम्पल हरवणं

हा आपल्याकडचा खास आजार. कारण लाईट.

बाहेरची डिस्क लावून काम चाललंय, लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालू, भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या यूएसबी हबवरची डिस्क मात्र बंद. लाईट आल्यावर तीच डिस्क विंडोजला नव्या अक्षराने दिसते. काल ई होती, आज एफ. सॅम्पलर ई मध्येच शोधतो आणि हात वर करतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सॅम्पलच्या डिस्कला शेवटाकडचं एक अक्षर कायमचं देऊन टाका, मी एस दिलंय. पेनड्राइव्ह, कॅमेऱ्याचं कार्ड वगैरे एवढ्या लांब जात नाहीत. आणि डिस्क हबवर नको, थेट लॅपटॉपला.

एकदा ठेवलेले फोल्डर हलवू नका, नावंही बदलू नका. 'व्हायोलिन चांगली' असं गोड नाव दिलं की पॅचला त्याचीच सॅम्पल सापडत नाहीत. हलवावंच लागलं तर काँटॅक्टच्या पूर्ण आवृत्तीत बॅच रीसेव्ह करा, म्हणजे नवा पत्ता सगळ्या पॅचमध्ये एकदम लिहिला जातो. त्याआधी फोल्डरची प्रत काढून ठेवा. ज्या लायब्ररी कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून येतात, त्यांना नवी जागा त्या ॲपमध्येच दाखवायची. डाउनलोड चालू असताना लाईट गेली असेल तर त्याच ॲपमधला दुरुस्तीचा पर्याय वापरा. पुन्हा पहिल्यापासून उतरवायची गरज बहुतेकदा नसते.

नवी डिस्क फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीच्या वरची एकही फाइल तिच्यावर बसत नाही. सॅम्पलच्या मोठ्या फाइली त्याहून मोठ्या असू शकतात. फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस, मॅकलाही लावायची असेल तर एक्सफॅट.

आता माझी फजिती. मागच्या पावसाळ्यात माझी डिस्क दिवसातून चार-पाच वेळा आपोआप गायब व्हायची. डिस्क गेली म्हणून नवी मागवायच्या बेतात होतो. केबल काढून उजेडात धरली तर प्लगच्या आतल्या पट्ट्यांवर हिरवट काळा थर. घर समुद्रापासून पाच मिनिटांवर, खिडकी बारा महिने उघडी. खिडकीच्या बिजागऱ्यांचं जे होतं ते केबलचं का नाही होणार! केबल बदलली, प्रश्न संपला. तेव्हापासून डिस्क आणि केबल रात्री झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून. घरात त्या डब्याला लोणच्याचा डबा म्हणतात. म्हणोत.

एक वेगळी गंमत: बरोबर पंधरा मिनिटांनी आवाज बंद होतो, म्हणून कुणी कॉम्प्युटर फॉरमॅट करतं. काँटॅक्टचा मोफत प्लेअर फक्त त्याच्यासाठी परवाना घेतलेल्या लायब्ररी पूर्ण चालवतो. बाकीच्या १५ मिनिटं डेमोवर. बिघाड नाही तो. लायब्ररी घेताना 'पूर्ण काँटॅक्ट लागेल' ही बारीक अक्षरातली ओळ वाचायची राहिली.

आणि आवाजच येत नसेल किंवा मेलेला, पुसट येत असेल तर मॉड व्हील वर करा. बहुतेक लायब्ररींत जोर की दाबण्यात नसतो, सीसी १ मध्ये, म्हणजे मॉड व्हीलच्या मिडी आकड्यात, असतो. लहान कीबोर्डला व्हील नसेल तर माउसने रेघ काढा.

पेटीशी भांडण

हे कुठल्याच परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे पायपेटी नाही.

सगळ्या घड्या बसल्या, वेळ जुळली, कडकड गेली, तरी स्ट्रिंग्ज आल्या की गाणं आंबट लागतं. पेटीची पांढरी सहा दाबून धरा आणि फोनवरच्या ट्यूनरमध्ये बघा. लायब्ररीत हा सूर सहसा ४४० हर्ट्झवर असतो. गावातल्या जुन्या पेट्या तिथे असतीलच असं नाही. देवगडच्या पेटीची पांढरी सहा ४४५ निघाली. म्हणजे जवळपास २० सेंटचा फरक (शंभर सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर), आणि एकच सूर दोघांनी धरला की सेकंदाला पाच हेलकावे. हे हेलकावे गालिच्याखाली लपत नाहीत. 

पेटीला हात लावू नका. रेकॉर्ड झालेली पेटी सॉफ्टवेअरने खेचली तर भाता चिरका होतो. लायब्ररी वर न्या. काँटॅक्टमध्ये मास्टर ट्यून आहे, तिथे ४४५. दुसऱ्या सॅम्पलरमध्ये फाइन ट्यून वीस सेंट वर. पेटीचे दोन-तीन सूर वेगवेगळे तपासा. एखादी रीड एकटीच उतरलेली असेल तर त्या सुरावर स्ट्रिंग्जची ओळ ठेवूच नका, दुसरा सूर धरा. पेटीवाल्या बुवांना त्यांची रीड उतरलीय हे तुम्ही सांगणार असाल तर सांगा. मी सांगत नाही.

मग घ्यायची कुठली

सुरुवात मोफतपासून. स्पिटफायर ऑडिओची बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर मोफत मिळते, आकाराने दोनेकशे एमबी आणि ऑर्केस्ट्रातले सगळे गट तिच्यात आहेत. एकच माइक मिक्स, म्हणून वरची अर्धी दुखणी येतच नाहीत. तिचीच मोठी, प्रोफेशनल आवृत्ती ६०० जीबीच्या घरात आहे. रोज दोन जीबीच्या पॅकवर ती उतरवायला बसलात तर तीनशे दिवस, म्हणजे पुढचा गणपती. प्रोजेक्टसॅमची फ्री ऑर्केस्ट्रा काँटॅक्टच्या मोफत प्लेअरमध्ये चालते. अगदी जुना लॅपटॉप असेल तर व्हर्च्युअल प्लेइंग ऑर्केस्ट्रा आणि सोबत स्फोर्झांडो हा मोफत सॅम्पलर. आवाज साधा आहे, पण शिकायला पुरतो.

पैसे द्यायची वेळ आली की आधी खोली बघा, वाद्यं नंतर. स्पिटफायरच्या सिम्फॉनिक मालिकेतली वाद्यं लंडनच्या एअर लिंडहर्स्टमध्ये, म्हणजे एका जुन्या चर्चच्या इमारतीत, रेकॉर्ड झालेली आहेत. ते घुमणं सॅम्पलमध्ये मुरलेलं आहे, काढता येत नाही. व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीची जुनी रेकॉर्डिंग सायलेंट स्टेजवरची, कोरडी. तुमचा पखवाज घरातल्या खोलीत, गोधडी टांगून रेकॉर्ड केलेला असेल तर चर्चमधली व्हायोलिन आणि माजघरातला पखवाज एका गावचे वाटत नाहीत. कोरडी लायब्ररी घेऊन दोघांना एकाच रिव्हर्बमध्ये सोडणं मला सोपं जातं. निव्वळ ऑर्केस्ट्रा असलेलं पार्श्वसंगीत करायचं असेल तर उलटं, घुमणारी घ्या, अर्धं काम खोलीच करते.

मोठी लायब्ररी उतरवलीत की लगेच एक प्रत साध्या हार्ड डिस्कवर काढून ठेवा. वाजवायला नालायक ठरलेली ती जुनी डिस्क इथे कामाला येते.

आणि गजराखाली पूर्ण ऑर्केस्ट्रा लागतो का, हेही एकदा ऐकून ठरवा. चेलो आणि डबल बास एवढेच ठेवून वरची व्हायोलिन काढली तर पेटीला श्वास घ्यायला जागा मिळते. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर या लायब्ररींकडून नीट येतच नाही. त्यांच्या लेगाटोचा प्रवास पाश्चात्त्य वादकाच्या बोटांचा आहे. ती एक ओळ जवळपासच्या खऱ्या व्हायोलिनवाल्याकडून वाजवून घ्या आणि लायब्ररीच्या वर ठेवा. मागचे चाळीस खोटेही खरे वाटायला लागतात.

देवगडच्या पोराने एसएसडी घेतली, दोन माइक बंद केले, डिस्कला एस अक्षर दिलं, लेगाटोच्या चेलोला उणे २२० आणि लायब्ररीला ४४५. परवा फाइल आली. चेलो समेवर पखवाजाबरोबर उतरतोय. आता त्याचं म्हणणं, झांज फार टोचते. त्याला लायब्ररी काय करणार, माइक दोन हात मागे घेऊन पुन्हा वाजवायला सांगितलंय.